रविवारच्या लीगचे वेळापत्रक मैदानांवरून आखावे की खेळाडूंच्या घरांवरून?

क्लबसचिव, कल्याण

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी एका हौशी क्रिकेट क्लबचा सचिव आहे आणि मागच्या तीन हंगामांपासून दहा क्लबांच्या रविवारच्या लीगचे वेळापत्रक आखण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. सामने सीझन बॉलवर, म्हणजे कडक चामडी चेंडूवर, वीस षटकांचे असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आम्ही एका मैदानावर दिवसाला दोन सामने खेळवतो, पहिला सकाळी नऊ वाजता आणि दुसरा दुपारी एक वाजता. दहा क्लबांपैकी चार कल्याण ते बदलापूर या पट्ट्यातले आहेत, चार वसई-विरार भागातले आहेत आणि दोनच मुंबई शहरातले आहेत. तरीही लीग सुरू झाली तेव्हापासून जवळजवळ सगळे सामने दक्षिण मुंबईतल्या मैदानांवर होतात, कारण टर्फच्या, म्हणजे माती-गवताच्या, खेळपट्ट्या तिथे आहेत, मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांशी आमची जुनी ओळख आहे आणि "क्रिकेट म्हणजे मैदानावरचे" ही आमच्या पिढीची पक्की समजूत आहे.

या वर्षीच्या जानेवारीतल्या एका रविवारी आमचा सामना दुपारी एकचा होता. मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंडदरम्यान मेगाब्लॉक होता, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ काही तास बंद होते, आणि आमचे चार खेळाडू त्यात अडकले. बदलापूरहून येणारा आमचा एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज घरून सव्वादहाला निघाला होता; तो एक वाजून वीस मिनिटांनी, खांद्यावर किट बॅग घेऊन, स्थानकापासून धावत आझाद मैदानावर पोहोचला. तंबूच्या कडेला उभ्याउभ्याच त्याने बूट बदलले. गाडीत पूर्ण वेळ दाराजवळ उभे राहावे लागल्यामुळे त्याचे पाय आखडले होते, हे आम्हाला नंतर कळले. त्या वेळी माझ्या कर्णधाराला दिसत होते ते एवढेच, की संघ सात जणांनिशी क्षेत्ररक्षण करतो आहे. उशिरा आल्यामुळे त्या मुलाला नियमाप्रमाणे काही काळ थांबवून मग गोलंदाजी दिली आणि तिसऱ्या षटकात त्याच्या मांडीचा स्नायू धरला. तो रात्री साडेआठला घरी पोहोचला. फेब्रुवारीत त्याने फोन करून सांगितले, "सर, मॅच तीन तासांची आणि जाणे-येणे पाच तासांचे. आता जमणार नाही."

त्याच्या आधी दोघांनी असेच येणे थांबवले होते. सामन्यांचे निकाल, गुणतक्ता, पंचांचे मानधन हे सगळे मी नीट सांभाळले, परंतु खेळाडू मैदानापर्यंत येतो कसा, याचा विचार मी वेळापत्रक आखताना एकदाही केला नव्हता. इतर लीगचे आयोजक हा प्रश्न कसा सोडवतात? सामने उपनगरांत हलवले तर खेळाचा दर्जा घसरतो का? पुढच्या महिन्यात आमची वार्षिक सभा आहे आणि तिथे मला काहीतरी ठोस मांडायचे आहे.

जुना स्कोअरर, डोंबिवली

सचिवसाहेब, हा प्रश्न सभेत आणण्याचे आपण ठरवले हेच मला फार मोलाचे वाटले. मी चाळीस वर्षे स्कोअरबुक लिहिले आहे आणि त्यातली सोळा वर्षे एका लीगची फिक्स्चर, म्हणजे सामन्यांची वेळापत्रके, काढली आहेत.

आधी हे लक्षात घ्यावे की मैदाने जिथे आहेत तिथेच राहिली आणि माणसे हलली. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने म्हणजे जुन्या किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेचे उरलेले तुकडे आहेत. क्लबांनी तिथे तंबू ठोकले तेव्हा खेळाडू गिरगाव, ठाकूरद्वार, परळ, दादर अशा भागांत राहत होते. १९४८ साली डॉ. कांगा लीग ही मुंबईतली पावसाळी क्रिकेट स्पर्धा सुरू झाली, त्या काळी खेळाडू सकाळी चहा घेऊन ट्रामने किंवा पायी मैदानावर जाऊ शकत असे आणि भर पावसाळ्यात सामना रद्द झाला तर तासाभरात घरी परतत असे. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळीतल्या खोल्या अपुऱ्या पडल्या आणि त्याच घरांतली पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे राहायला गेली. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर आहे आणि मुंबई ते बदलापूर अडुसष्ट. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत असे आपण अभिमानाने सांगतो; परंतु एखाद्या रविवारी त्या खेळपट्ट्यांवर उभ्या असलेल्या मुलांना कुठे राहता असे विचारले, तर निम्मी नावे ठाण्याच्या पलीकडची निघतील, असा माझा अनुभव आहे.

आता कामाचे सांगतो. मी फिक्स्चर काढायला बसलो की सर्वांत आधी एक वही घेत असे. प्रत्येक क्लबकडून पंधरा खेळाडूंची यादी मागवायची, मात्र त्यात फलंदाज-गोलंदाज असे न लिहिता प्रत्येकाचे घराजवळचे स्थानक आणि घरापासून त्या स्थानकापर्यंत लागणारा वेळ लिहून घ्यायचा. हा दुसरा रकाना लोक गाळतात. विरार पूर्वेला स्थानकापासून तीन किलोमीटर आत राहणाऱ्या मुलाला पहाटे रिक्षा मिळत नाही, म्हणून त्याची पाऊण तासाची पायपीट त्याच्या प्रवासात धरली पाहिजे. मोजमाप किलोमीटरमध्ये ठेवू नये, घराच्या दारापासून मैदानाच्या कडेपर्यंतच्या मिनिटांत ठेवावे. मग संघातल्या आठव्या खेळाडूचा आकडा पाहावा, म्हणजे जवळ राहणाऱ्यांपासून मोजत गेल्यावर जो आठवा येतो त्याचा. सरासरीने फसगत होते, कारण दादरला राहणारे तीन जण संपूर्ण संघाचा आकडा खाली आणतात. आठ जण वेळेवर आले तर सामना सुरू होतो, म्हणून आठव्याचा वेळ हाच खरा वेळ.

मेगाब्लॉकचे गणित तर अगदी सरळ आहे. तो साधारणपणे साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होतो आणि साडेतीन-चारपर्यंत चालतो. म्हणजे सकाळी नऊच्या सामन्याला येणारा खेळाडू ब्लॉक लागण्यापूर्वीच मैदानावर पोहोचलेला असतो, आणि एकच्या सामन्याला येणारा नेमका त्यात सापडतो. आपल्याकडे बहुधा उलटा विचार होतो: लांबच्या मुलांना झोप मिळावी म्हणून त्यांना दुपारचा सामना द्यायचा. हेतू चांगला आहे, पण त्यामुळेच ते अडकतात. लांबच्या संघांना नेहमी सकाळचा सामना द्या आणि दुपारचा सामना शहरातल्या किंवा ज्या मार्गावर ब्लॉक नाही त्या मार्गावरच्या संघांना द्या. ब्लॉकचे तपशील त्या रविवारच्या एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्रांत येतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी दोन सामन्यांच्या वेळांची अदलाबदल करण्याचा अधिकार फिक्स्चर सचिवाला नियमानेच दिलेला असावा. आमच्याकडे तो अधिकार लेखी होता, म्हणून त्यावर भांडणे झाली नाहीत.

डावखुरा सलामीवीर, पालघर

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु सामने सरसकट उपनगरांत हलवण्याला माझा विरोध आहे आणि तो मी मनापासून मांडतो.

मी पालघरचा. पालघर स्थानकावर पहाटेच्या थंडीत बाकड्याखाली किट बॅग सरकवून गाडीची वाट पाहण्यात माझी आठ वर्षे गेली. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून खेळतात. मॅटवर चेंडू उंच आणि सरळ येतो. त्यामुळे मागच्या पायावर खेळण्याची सवय लागते आणि पुढे येऊन चेंडूच्या रेषेत डोके नेणे जमत नाही. मी पहिल्यांदा क्रॉस मैदानावर टर्फवर खेळलो तेव्हा सकाळच्या ओलाव्यात आत येणाऱ्या तिसऱ्याच चेंडूवर माझी मधली यष्टी उडाली. त्या एका चेंडूने मला जे शिकवले ते गावातल्या तीन वर्षांनी शिकवले नव्हते. प्रवास वाचवण्याच्या नावाखाली बदलापूर-विरारच्या मुलांना मॅटवरच ठेवले, तर त्यांच्या क्रिकेटची वाढ तिथेच थांबेल आणि टर्फ शहरातल्या मुलांपुरते उरेल.

आमच्याकडे शार्दूल ठाकूरचे उदाहरण रोज ऐकवले जाते. तो पालघरचाच, लोकलमधून किट बॅग घेऊन मुंबईला जात असे आणि पुढे भारतासाठी कसोटी खेळला. हे खरे आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. परंतु त्याच गोष्टीचा दुसरा भाग लोक विसरतात: प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या घरी राहायला ठेवून घेतले, तेव्हा त्याचे प्रवासाचे तास वाचले. आझाद मैदानावरच्या तंबूत राहून खेळलेल्या यशस्वी जयस्वालची कहाणीही एका अर्थी हेच सांगते की मैदानाच्या जवळ झोपायला मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे. माझ्याबरोबर त्याच गाडीने जाणारी पाच मुले होती. त्यांच्यापैकी दोघे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळत. बारावीच्या वर्षात एकेक करून सगळी गळाली आणि त्यांतल्या कोणाचेही कौशल्य कमी पडले होते म्हणून नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की प्रत्येक संघाला हंगामात निदान दोन सामने टर्फवर मिळालेच पाहिजेत, आणि त्या दोन दिवशी लांबच्या संघाच्या प्रवासाचा खर्च लीगने उचलावा. उरलेले सामने जवळ खेळवा, माझी काहीच हरकत नाही. आणखी एक. किटचा विचार वेगळा करा. पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, दोन बॅटी आणि बूट असे बारा-तेरा किलोंचे ओझे गर्दीच्या डब्यात चढवणे हाच निम्मा त्रास असतो. आमच्या क्लबने माळ्याच्या खोलीत एक पत्र्याची पेटी ठेवली आणि त्यात संघाची पाच जोडी पॅड आणि यष्टिरक्षकाचे साहित्य कायमचे ठेवले. तेव्हापासून मुले पाठीवरच्या साध्या पिशवीत ग्लोव्ह्ज आणि बूट घेऊन, बॅट हातात धरून येतात. पावसाळ्यापूर्वी पेटी मात्र रिकामी करावी लागते, नाहीतर पॅडना बुरशी धरते.

मधल्या फळीतली, ठाणे

मी महिलांच्या एका क्लबकडून खेळते. आपल्या चर्चेत अजून न आलेली एक बाजू सांगावीशी वाटते. मुलांचा प्रवास त्रासाचा आहे. आमच्या बाबतीत प्रवास कसा आहे यावर घरून परवानगी मिळणार की नाही हेच ठरते.

दुपारी एकचा सामना साडेचारला संपतो, मग बक्षिसाची औपचारिकता, सामान आवरणे, पंचांच्या अहवालावर सही, आणि मैदानावर कपडे बदलायला जागा नसल्यामुळे स्थानकावरच्या प्रसाधनगृहासमोर रांग. एवढे करून गाडी पकडेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो. आमच्या संघातली अंबरनाथची एक मुलगी फार गुणी लेगस्पिनर होती. तिचे वडील प्रत्येक सामन्याला तिच्याबरोबर येत, पूर्ण वेळ मैदानाच्या कठड्यावर बसून राहत आणि तिच्याबरोबरच परतत. आठवड्याची त्यांची एकुलती एक सुट्टी अशी जाऊ लागल्यावर एका हंगामानंतर तिचे येणे थांबले. त्यांना दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही.

आम्ही आमच्या लीगमध्ये दोन गोष्टी ठरवून घेतल्या. मुलींचा सामना नेहमी सकाळचाच असेल, आणि एकाच दिशेने जाणाऱ्या दोन्ही संघांतल्या मुली एकत्र परततील. आज जिच्या चेंडूवर मी बाद झाले तिच्याच शेजारी बसून मी ठाण्यापर्यंत येते. आता पालकांचे फोन एकमेकींकडे आहेत आणि कोणती गाडी पकडली हे ते आपापसांत कळवतात. आयोजकांना विनंती आहे की मैदान निवडताना खेळपट्टी पाहण्याआधी तिथे पाणी, बंद दाराची खोली आणि स्वच्छतागृह आहे का हे पाहावे. शाळेचे मैदान असेल तर या तिन्ही गोष्टी बहुधा मिळतात आणि उपनगरांत अशी मैदाने शहरापेक्षा सहज मिळतात.

कोथरूडचा, सध्या लीड्स

मी नऊ वर्षांपासून यॉर्कशरमध्ये शनिवारचे क्लब क्रिकेट खेळतो, म्हणून इथला एक अनुभव सांगतो. इथे लोकलची गर्दी नाही, पण हाच प्रश्न मोटारींच्या रूपात होता. १९९९ ते २०१५ या काळात संपूर्ण यॉर्कशरची मिळून एक प्रीमियर, म्हणजे क्लब क्रिकेटमधली सर्वांत वरच्या दर्जाची, लीग होती. त्यात समुद्रकाठचे स्कारबरो होते आणि दक्षिणेकडच्या शेफील्डचेही क्लब होते. या दोन गावांमध्ये रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. हौशी खेळाडूचा शनिवार अशा सामन्यात पूर्ण संपत असे. २०१६ पासून ती रचना बदलली. उत्तर आणि दक्षिण अशा वेगळ्या लीग झाल्या, ब्रॅडफर्डच्या जुन्या लीगलाही प्रीमियर दर्जा मिळाला, आणि वेगवेगळ्या लीगचे विजेते हंगामाच्या शेवटी एकमेकांशी खेळू लागले. म्हणजे लांबचा प्रवास बंद झाला नाही, तो हंगामाच्या शेवटाला आला आणि ज्यांनी तो कमावला त्यांच्याच वाट्याला आला.

याखेरीज इथली एक पद्धत मला फार आवडते. दोन क्लबांचे पहिले संघ एकाच्या मैदानावर खेळतात, त्याच दिवशी त्यांचे दुसरे संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळतात. त्यामुळे दूरच्या दिवशी ज्याला प्रवास शक्य नाही तो खेळाडू घरच्या मैदानावर दुसऱ्या संघाकडून खेळतो आणि त्याचा क्लबशी संबंध तुटत नाही. खालच्या विभागांत अंतरे मुद्दाम लहान ठेवतात आणि जसजसे वर जावे तसतसा प्रवास वाढतो. आपल्याकडे मात्र सर्वांत नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी सर्वांत लांब पाठवले जाते.

जुना स्कोअरर, डोंबिवली

लीड्सच्या मित्रांचा मुद्दा सचिवसाहेबांच्या लीगला अगदी जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून पुन्हा लिहितो. दहा क्लबांची एकेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकदा सामना, धरली तर पंचेचाळीस सामने आणि प्रत्येक संघाला नऊ. त्याऐवजी पाच-पाचचे दोन गट करावेत. कल्याण-बदलापूरचे चार आणि शहरातला मध्य रेल्वेलगतचा एक असा पहिला गट. वसई-विरारचे चार आणि शहरातला पश्चिम रेल्वेलगतचा एक असा दुसरा. गटात दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाशी दोनदा, खेळवली तर प्रत्येक गटाचे वीस आणि एकूण चाळीस सामने होतात. प्रत्येक संघाला आठ सामने मिळतात, म्हणजे क्रिकेट फारसे कमी होत नाही.

हे गट रेल्वेमार्गावरूनच का करावेत, तेही सांगतो. नकाशावर विरार आणि कल्याण जवळ दिसतात, पण वसई रोड-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत आणि घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड वाहनांच्या रांगेत रविवारीसुद्धा वेळेचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे विरारचा मुलगा बदलापूरला जायचे तर पन्नास किलोमीटर दादरला उतरतो आणि तिथून जवळजवळ साठ किलोमीटर पुन्हा वर चढतो. असे सामने साखळीत ठेवूच नयेत. उपांत्य फेऱ्या आणि अंतिम सामना शहरात टर्फवर घ्यावा, कारण दोन्ही मार्गांना तेच मध्यावर पडते. पालघरच्या मित्रांची दोन टर्फ सामन्यांची मागणीही यात बसते: गटातल्या शहरी क्लबाशी होणारे दोन्ही सामने त्या क्लबाच्या मैदानावर, म्हणजे टर्फवरच, ठेवावेत. शहरी क्लबाला सगळेच सामने घरचे मिळतात ही तक्रार येईल. त्याबदल्यात मैदानाच्या भाड्याचा मोठा हिस्सा त्याने भरावा.

आणि पंचांना विसरू नका. पंच साठीचे असतात आणि तेही त्याच गाडीने येतात. गटागटानुसार पंच नेमले तर तेही टिकतील.

क्लबसचिव, कल्याण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी वही घेऊन बसलो आणि आमच्या पंधरा खेळाडूंची स्थानके, घरापासूनच्या मिनिटांसह, लिहून काढली. आझाद मैदानासाठी आमच्या आठव्या खेळाडूचा वेळ एक तास पन्नास मिनिटे निघाला. बदलापूरच्या शाळेच्या मैदानासाठी तोच पस्तीस मिनिटे. अकरा वर्षांत हा आकडा मी पहिल्यांदाच पाहिला.

सभेपुढे मी दोन गटांची रचना, लांबच्या संघांना सकाळचा सामना, शुक्रवारच्या अदलाबदलीचा लेखी अधिकार आणि टर्फवरचे दोन सामने एवढे चार ठराव ठेवणार आहे. प्रवासखर्चासाठी प्रवेशशुल्कातून काही रक्कम बाजूला काढावी, असा पाचवाही असेल. त्यावर वाद होईल आणि तो मी घालणार आहे. किटच्या पेटीसाठी सभेची वाट पाहायची गरज नाही, ती या आठवड्यातच घेतो. बंद दाराची खोली आणि स्वच्छतागृह नसलेले मैदान यादीतून वगळावे, हे मी स्वतःच्या अधिकारात करतो आहे, कारण आमच्याकडे मुलांची लीग असली तरी ती सोय त्यांनाही हवीच आहे आणि दोन क्लबांनी पुढच्या वर्षी मुलींचा संघ उतरवण्याची इच्छा दाखवली आहे.

बदलापूरच्या त्या मुलालाही फोन केला. स्नायू आता बरा आहे, पण त्याने कॉलेजजवळच्या एका दुकानात रविवारचे काम धरले आहे आणि ते दुपारी दोनला सुरू होते. रचना मान्य झाली तर पहिला सामना त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर, सकाळी नऊला असेल, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने विचारले, "म्हणजे सर, मी सव्वाआठला घरून निघालो तरी वॉर्म-अपला वेळ मिळेल ना?"